पश्चिमेची खोली

माझी बायको आर्किटेक्ट आहे, आणि तिच्यासमोर एसीचं नाव काढायची सोय नाही. इमारत नीट बांधली तर ती आपली आपण गार राहते, हे तिचं म्हणणं. आधी काचेची भट्टी बांधायची आणि मग ती विझवायला यंत्रं बसवायची, हा कुठला शहाणपणा, असं ती भेटेल त्याला ऐकवते. माझे मित्र हल्ली आमच्याकडे उकाड्याचा विषयसुद्धा काढत नाहीत.

तिने एका वृद्धाश्रमाची इमारत केली. उजेडाच्या खिडक्या आतल्या अंगणाकडे. पश्चिमेला दुहेरी भिंत, मध्ये पोकळी, आणि त्या भिंतीत कमरेच्या उंचीवर फक्त एक लाकडी झडप. रात्री झडप उघडायची, म्हणजे गार हवा आत येते आणि कोंडलेली गरम हवा छतालगतच्या झरोक्यातून निघून जाते. दिवसा मात्र झडप घट्ट लावायची. बाकी खोल्या भराभर गेल्या, पण पश्चिमेच्या टोकाची कुणी घेईना. दुपारभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी कोण झोपणार? तेव्हा हिने तिथे आपल्या आईलाच ठेवलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, आमचे जिने त्यांना चढवत नव्हते आणि आश्रमात जायचं त्यांनीच ठरवलं होतं, हे खरं. पण ती खोली हिने निवडली. "माझी आई राहते तिथे," म्हटल्यावर लोकांची तोंडं आपोआप बंद झाली.

उन्हाळा चढला आणि नेमकी तीच खोली तापली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सासूबाईंना दुपारी चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी बजावलं, खोली तरी गार करा नाहीतर त्यांना तरी हलवा. आश्रमाचे अध्यक्ष म्हणजे फुंकून ताक पिणारा माणूस. आज एक खोली तापली, उद्या सगळ्या तापतील, असं म्हणून त्यांनी आठवडाभराची मुदत दिली. तोवर फरक पडला नाही तर झरोके बुजवून सगळीकडे एसी.

आमच्याकडे दुपारी वीज हमखास जाते. झरोके बुजवलेल्या खोल्यांत ती म्हातारी माणसं आणि बंद पडलेली यंत्रं, या चित्राने हिच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना ती ताटाशेजारी बोटाने भिंत काढायची आणि घास हातातच राहायचा. मी वैतागून म्हणालो, चौघं मिळून खुर्चीत बसवून आईंना आपल्या घरी वर आणू, संपव हा जाच. ती म्हणाली, आणू, पण मग बाकीच्यांच्या आयांचं काय? भीती मलाही वाटत होतीच.

रोज संध्याकाळी ती ऑफिसातून थेट आश्रमात जायची. थर्मामीटर काढायची, भिंतीला तळहात लावायची. सासूबाई काहीबाही सांगत असायच्या, ही नुसतं "हं" म्हणायची. झडप दर वेळी नीट लावलेली. भिंत गार आणि खोलीतली हवा मात्र तापलेली, हे काही तिच्या हिशेबात बसेना. आपलंच काहीतरी चुकलंय आणि त्याची शिक्षा आई भोगतेय, हे तिच्या मनाने घेतलं.

मुदत संपत आली तेव्हा तिने रजा टाकली. झरोके बाहेरून तपासायचे म्हणून भर उन्हात आम्ही मागच्या दाराने आवारात गेलो. शिडी अर्थातच माझ्या खांद्यावर. कोपरा वळलो आणि ही थबकली. पश्चिमेची झडप सताड उघडी होती. आत खुर्ची पुढे सरकवून सासूबाई बसलेल्या. चेहरा घामाने डबडबलेला, डोक्यावर ओला रुमाल आणि नजर पुढच्या फाटकाकडे. आम्ही त्यांना दिसलोच नाही.

आत गेल्यावर ही रागावलीच. "आई, दिवसा लावून ठेवायची म्हणून किती वेळा सांगितलं?"

"सांगितलंस गं. तू फाटकातून आलीस की लगेच लावते."

"म्हणजे तोवर उघडी? दुपारभर?"

"तू येतेस ते तेवढ्यातूनच दिसतं."

"मी संध्याकाळी येते. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे की. पण एखाद्या दिवशी लवकर आलीस तर?"

हिने झडप लावली.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यानंतर त्यांनी झडपेला हात लावला नाही. खोलीचा ताप उतरला, त्यांची चक्कर थांबली. अध्यक्षांनी स्वतः येऊन पाहिलं, मान डोलावली आणि एसीचा विषय मिटला. ही जिंकली होती. बातमी सांगायला आम्ही दोघं गेलो. खोली खरंच गार होती, बाहेरून आलेल्याला बरं वाटावं इतकी.

खुर्ची मात्र हलली नव्हती. बंद झडपेकडे तोंड करून सासूबाई बसल्या होत्या. पावलं वाजली तशा दचकल्या.

"अगंबाई, आलात होय? कळलंच नाही."

ही दारातच उभी राहिली. मी बातमी सांगितली, त्या मनापासून हसल्या आणि लेकीचं कौतुक केलं. हिचं लक्ष नव्हतं. ऊन अजून भिंतीवर होतं. ती पुढे झाली आणि तिने स्वतःच्या हाताने झडप उघडली.