बाबांनी पाठवलेला कोड

आईला टाइप करायचा कंटाळा. त्यामुळे व्हॉट्सॲपवर ती बाबांना बोलूनच निरोप पाठवायची. "अहो, मंडईत आलेय, सुरण चांगला दिसतोय, घेऊ का?" मागे भाजीवाल्यांचा कलकलाट, आणि तिला त्याच्यावर आवाज चढवावा लागलेला. "अहो, किल्ली वॉचमनकडे ठेवलीय." असले साधे निरोप. ती गेल्यानंतर बाबा दुपारी जेवण झालं की खिडकीजवळ बसून ते एकेक ऐकायचे. खडकीच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन अगदी कानाला लावून. मी घरी असले तर त्या वेळी बाहेरच्या खोलीत जात नसे.

अशाच एका दुपारी मावशीच्या नंबरवरून त्यांना मेसेज आला. "नमस्कार, माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर आला आहे. कृपया लगेच पाठवा, अर्जंट आहे." कोड खरंच आलेला होता. तो कोणालाही देऊ नका, असं त्याच्याखाली लिहिलेलंही होतं. पण मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, ती 'कोणीही' कशी असेल? बाबांनी तो पाठवून दिला.

थोड्याच वेळात त्यांचं व्हॉट्सॲप बंद पडलं आणि फोन खणखणायला लागला. भाचा, जुने सहकारी, शेजारचे काका. सगळ्यांना बाबांच्या नावाने मेसेज गेला होता, दवाखान्यात आहे, पैसे पाठवा. मावशीचाही फोन आला. तिचं खातं सकाळीच कोणीतरी असंच पळवलं होतं आणि ती बिचारी एकेकाला फोन करून सावध करत होती. बाबांचा नंबर यायला उशीर झाला.

आपल्या नावाने कोणीतरी भीक मागतंय, हे बाबांना सहन होईना. ते थांबवायचं म्हणून त्यांनी फोनमधून ते ॲपच काढून टाकलं.

मी ऑफिसातून धावत घरी आले. पहिलं विचारलं, "बाबा, बॅकअप होता ना?"

"तो काय असतो?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तिचे आवाज?"

सायबर पोलिसांकडे तक्रार केली. चोराने खात्यावर स्वतःचा पिन घालून ठेवला होता, त्यामुळे काही दिवस वाट पाहावी लागली. मग खातं परत मिळालं. ग्रुप आले, लोक आले. पण ॲप काढलं तेव्हाच फोनमधले जुने निरोप पुसले गेले होते; आईचं नाव उघडलं तर आत काहीच नव्हतं.

"मेसेज वाचतानाच कळायला हवं होतं," बाबा म्हणाले. "तुझी मावशी भावोजी म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. मला कधी नमस्कार केलाय तिने? एक फोन करून विचारलं असतं तर..."

माझ्या फोनमध्ये आईचे काही निरोप होते. मी लावून दिले. "अगं, पोचलीस की कळव." बाबांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकले. मग फोन माझ्या हातात दिला.

"हे तुझे आहेत," ते म्हणाले. "जपून ठेव."

पुढच्या आठवड्यात बाबा मला बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर घेऊन गेले. प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपला माझ्याकडून पिन लावून घेतला. बॅकअप सुरू करायला लावला. स्वतः उभे राहून सांगितलं, "कोड कोणीही मागितला तरी द्यायचा नाही. सख्ख्या माणसाने मागितला तर आधी त्याला फोन लावायचा, आवाज ऐकायचा. आणि घाई करणाऱ्यावर तर विश्वासच ठेवायचा नाही." सांगताना त्यांचा आवाज अगदी कोरडा होता, कारखान्यात सूचना देत असल्यासारखा.

एका आजोबांनी विचारलं, "तुमचे किती गेले हो?"

"पैसे नाही गेले."

"मग सुटलात की स्वस्तात!"

सगळे हसले. बाबा "हो" म्हणाले आणि पुढच्या माणसाचा फोन घेऊन माझ्याकडे आले.