सुईवरची विभूती

आमच्या ह्यांना बसल्या जागी स्वस्थ बसता येत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात जन्म गेला. तिथं अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं की सगळा माल भंगारात, म्हणून यांची नजर कायम वाकडेपणा शोधत असते. लोकांच्या लग्नात मांडवातला फोटो सरळ करून मगच जेवायला बसणार.

दोन हजार तीन साली या तगमगीला एक जुनी ग्रामोफोनची रेकॉर्ड कारण झाली. यांची थोरली बहीण, निपाणीच्या शांतव्वा अक्का, तरुणपणी मठाच्या भजनी मंडळात गायच्या. मंडळानं तेव्हा एक रेकॉर्ड काढलेली. शेवटच्या पदात एक ओळ अक्का एकट्या म्हणतात, आणि नेमकी तीच खरखरायची. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदाजवळच्या रेघांत सुई जरा तिरकी असली तरी आवाज फाटतो, हे यांच्या तोंडून ऐकून मला पाठ झालं होतं. अक्कांचा एक कान गेलेला, दुसरा फार तर वर्षभर चालेल असं डॉक्टर म्हणालेले. त्याआधी अक्कांनी आपला आवाज एकदा स्वच्छ ऐकावा, म्हणून यांनी रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलच्या दांडीला लावायची भारीतली जपानी कार्ट्रिज मागवली. ती डबी एवढीशी, खाली केसासारखी सुई.

खंडेनवमीला अक्का येणार होत्या. सकाळी हे कार्ट्रिज बसवून, "आल्यावर एकदा बघून स्क्रू आवळतो," म्हणत फाउंड्रीतल्या पूजेला गेले. मी घरातली हत्यारं पुजायला घेतली. विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, मिक्सर. मग टर्नटेबल. यंत्र ते यंत्र! ओल्या विभूतीची तीन बोटं कार्ट्रिजवर ओढली आणि वर झेंडू ठेवला.

दहाला हे आले.

"हे कुणी केलं?"

"मीच. खंडेनवमी हाय न्हवं?"

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "सुईला राख लागली की गं. रेकॉर्ड खरवडून निघंल. आणि डबीबी सरकली."

अक्का साडेअकराच्या एस.टी.नं पोचणार होत्या. यांनी मऊ ब्रशानं राख झाडली, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं. खाली रेघांचा कागद, त्यावर दोन ठिपके. दोन्ही ठिपक्यांवर सुई टेकायला हवी आणि डबी रेघांशी सरळ दिसायला हवी. पहिला ठिपका जमला की दुसरा चुकायचा. तळहातावर इष्टलिंग घेतल्यावर बसतात तसे हे श्वास रोखून बसलेले. मी दारात उभी. आत जाववेना, तिथनं हलवेना. तोंडानं "ॐ नमः शिवाय" चालू. पुरण करपल्याचा वास आला, तरी पाय उचलेना.

"शिवय्या! दार उघडं टाकून कुठं मेलास?" अक्का आल्याच.

"अक्का, बोलू नका, हात हलतोय!" हे डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोल की, ऐकू येत न्हाय!"

दुसरा ठिपका जमला. यांनी स्क्रू आवळले, कपाळ पुसलं, अक्कांना स्पीकरजवळ पाटावर बसवलं. चांगला कान खोक्याला टेकवून अक्का ऐकू लागल्या. हे उभे राहिले, बसले, परत उठले. शेवटचं पद लागलं. अक्कांची ओळ आली, अगदी शेजारी बसून म्हणावी तशी.

अक्का दचकल्या. "अगं बाई! इथं माझा दम तुटलाय. इतकी वर्षं खरखरीनं झाकलं होतं. कशाला साफ केलंस, मुडद्या?"

यांचा चेहरा पडला. सुई उचलायला हात पुढं गेला.

"ऱ्हाऊ दे. परत लाव."

यांनी लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा अक्का बरोबरीनं म्हणायला लागल्या, घोगऱ्या आवाजात, पण सुरात. रेकॉर्डमधली मुलगी जिथं तुटली, तिच्या थोडं आधीच अक्कांनी श्वास घेतला आणि ओळ शेवटपर्यंत नेली.

हे पहिल्यांदाच हलायचे थांबले होते.

"आता झालं सरळ," अक्का म्हणाल्या. "वाढा. करपलेलं पुरणबी चालंल."