दोन वॉर्डांच्या मधलं अपेंडिक्स

"अपेंडिसायटिस आहे. आजच काढावं लागेल," सोनोग्राफी बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याला लोंबणारी बोटाएवढी पिशवी. ती सुजली की उजवीकडे खाली कळा येतात, आणि फुटली तर पू पोटभर पसरतो. माझी फुटायच्या बेतात होती.

मी पंचवटीत ब्लाउज शिवते. दोन दिवस ओवा चावत मशीन चालवलं, कारण दवाखान्याचं नाव काढलं की मला नको नको होतं. मी ट्रान्सजेंडर बाई आहे. जन्मल्यावर नोंद मुलगा म्हणून झाली, एवढंच. खिडकीवर आधी आडनाव वाचून एक नजर, मग आवाज ऐकून दुसरी. दोन्ही मला पाठ आहेत.

सकाळी आधार कार्डावर 'स्त्री' वाचून सिस्टरने यूपीटी करायला लावली. म्हणजे लघवीतून गरोदरपणाची तपासणी. मी म्हटलं, "सिस्टर, मला गर्भाशयच नाही."

"बाई म्हटलं की करावीच लागते. नियम आहे."

केली. निगेटिव्ह आली, नवलच!

दुपारी तीच सिस्टर म्हणते, "बायकांच्या वॉर्डात नाही घेता येणार. पेशंट तक्रार करतील." पुरुषांच्या वॉर्डातले ब्रदर म्हणाले, "हे आमच्याकडे कसं चालेल?" हे! सकाळी गरोदर असू शकत होते, दुपारी बाईसुद्धा उरले नाही. दोन दारांच्या मध्ये स्ट्रेचर, त्यावर तापाने फणफणलेली मी. बेड नंबर पडल्याशिवाय ऑपरेशनचा कागद पुढे सरकत नाही म्हणे. डोकं असं फिरलं होतं, पण ओरडायला पोटात जोर नव्हता.

सोबत आई होती. अंगणवाडीत मदतनीस. मी नाव बदलून दहा वर्षं झाली तरी मला जुन्याच नावाने हाक मारते. बाबा असेपर्यंत आमच्या घरात एक शिस्त होती: तोंडी नकार ऐकून परत यायचं नाही, तो लेखी मागायचा.

आई सिस्टरसमोर उभी राहिली. "बेड देत नाय ना? मग तसं लिहून द्या. खाली सही करा."

"असं कुठं लिहून देतात का मावशी?"

"मग मी लिहिते."

तिने वहीची पानं फाडली, अर्जाच्या दोन प्रती केल्या, मोठ्या डॉक्टरांच्या ऑफिसात एक दिली आणि दुसरीवर पोचल्याचा शिक्का मारून घेतला. पाऊण तासात बेड मिळाला, बायकांच्या वॉर्डात. शेजारी सुरगाण्याच्या एक आजी होत्या. त्यांनी तक्रार केली नाही, लय दुखतंय का एवढंच विचारलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलं नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दुखणं अंगावर काढू नका. आणि नकार लेखी मागा. आपल्याला उपचार नाकारणं कायद्यात बसत नाही, म्हणून सही करायला कुणी धजत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी फाइल आवरताना शिक्क्याची ती प्रत हाती आली. आईचं अक्षर: 'माझी मुलगी रेश्मा हिला तातडीने बेड मिळावा.'

रिक्षात बसताना आईने पुन्हा जुन्याच नावाने हाक मारली. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि तिच्या शेजारी सरकून बसले.