आम्ही कोणाले बांधत नव्हतो

नवऱ्याले नाही, बहिणीले नाही — हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. तुम्हाले सांगून राहिली. मध्ये अडखळली तं अडखळू द्या, फक्त विषय बदलू नका.

कोराडी रोडवरच्या एका वृद्धाश्रमात मी सहा वर्षं आया होती. जागा चांगली होती बरं का — चकचकीत फरशी, दारात तुळस. बोलायचे नियम मात्र पक्के. आश्रम चालवणाऱ्या मॅडमनं पहिल्याच दिवशी शिकवलं : म्हातारी म्हणायचं नाही, आई म्हणायचं. गेटच्या कुलपाले म्हणायचं सुरक्षा. झोपेची गोळी म्हणजे आराम. अन् कोणी सारखं उठून चालायले लागलं, तं त्याले 'आधार' द्यायचा. आधार म्हणजे का, माहीत आहे? जुन्या ओढणीच्या पट्टीनं मनगट पलंगाच्या दांडीले बांधायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवून बाहेर निघून गेली मी. आठवड्याभरानं मीच विचारून राहिली — चार नंबरले आधार दिला का वं?

चार नंबर म्हणजे सुमनआई, काटोलच्या. विसरायचा आजार. घरी जायचं म्हणून गेटकडं निघायच्या, एकदा पडल्या, मग आधार सुरू झाला. त्यांची पोरगी वंदना काटोलले शाळेत शिकवते. तिले दर रविवारी फोटो पाठवायचा असे, अन् तो मी काढायची. गाठ सोडायची, वेणी घालायची, अन् — कसं सांगू? — लांब बाह्यांचं स्वेटर चढवायची. मे महिन्यात! नागपूरच्या मे महिन्यात! मनगटावरचे वळ दिसू नये म्हणून. वंदनानं विचारलंही, माय स्वेटर काहून घालून राहिली? म्हटलं, वयानं थंडी वाजते. तिनं विश्वास ठेवला. मॅडमनं सांगितलं होतं का स्वेटरचं? नाही. ते माझंच डोकं.

आता पुढचं. मंगळवारची दुपार होती. सकाळपासून तीनदा चादर बदलली होती मी, जीव नुसता वैतागला होता. डबा उघडला तं सुमनआईंची हाक सुरू — सोड वं बाई मले, सोड. राग आला हो मले! उठली, गाठ आणखी आवळली, दार लावून घेतलं अन् जेवायले बसली. हाका ऐकू येत होत्या. मग येईनाशा झाल्या. मले का वाटलं, सांगू? बरं वाटलं. झोपल्या एकदाच्या, म्हटलं.

तासाभरानं दार उघडलं तं त्या पलंगावरून अर्ध्या खाली घसरलेल्या. हात तेवढा वर, दांडीले. अंग गार पडत आलं होतं. ओरडली का मी? नाही. आधी गाठ सोडली, पट्टी कमरेले खोचली, त्याईले सरळ निजवलं, केसं नीट केले. मग मॅडमले बोलावलं. रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं — झोपेत, शांतपणे. सांगितलं मी होतं.

संध्याकाळी वंदना आली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणे, "मावशी, माय शेवटी काही बोलली का?"

"नाही ताई," मी म्हटलं. "झोपेतच गेल्या."

तिनं माझे दोन्ही हात धरले. याच हातांनी माझ्या मायची सेवा केली म्हणे, अन् कपाळाले लावले. मी हात मागं घेतले नाहीत.