टोमॅटोचं पाणी

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईला पेशंट पाठीमागे ‘पाचमिनिटं’ म्हणत. गाल सुजलेला माणूस दारात उभा राहिला की ती हसून म्हणायची, “बसा ना, पाच मिनिटांत नंबर येतोय.” आत डॉक्टरांचा अजून पत्ता नसायचा. दाढ काढताना दुखेल का, असं कुणी विचारलं की, “छे हो, मुंगी चावल्यासारखं.” यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. माणूस गप्प बसतो, कुणाचा आवाज चढत नाही, दिवस सरतो. वेळ मारून नेण्याचाच तिला पगार मिळत होता म्हणा ना, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घरी ती धाकटी. वरच्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा, खाली थोरली जाऊ, आणि घरामागच्या जेमतेम जागेत थोरलीचे टोमॅटो. थोरलीचा नवरा गेला, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या वाफ्यांत. बाजारातले गोल, पिचपिचीत टोमॅटो नव्हेत हे. लांबट, जाड गराचे, बिया नावाला. कच्चे खायला अगदीच बेचव, पण सॉस करावा तर यांचाच. मोठ्या पातेल्यात दिवसभर रटरटून इतका दाट व्हायचा की त्यात चमचा उभा राहावा. दोन्ही घरांना वर्षभर पुरायचा. “वहिनी, तुमचा सॉस असला तर मी पुठ्ठासुद्धा खाईन,” असं धाकटीचा नवरा म्हणायचा, आणि बायकोच्या स्वयंपाकाविषयी आपण काय बोलून गेलो हे त्याच्या उशिरा लक्षात यायचं.

बी सासूबाईंचं. पावडरच्या एका जुन्या डब्यात घालून त्यांनी ते थोरलीच्या हाती दिलं होतं. दर हंगामात सगळ्यांत देखणी फळं राखून, त्यांच्या बिया धुऊन, कागदावर वाळवून थोरली तो डबा पुन्हा भरायची. तसलं बी दुकानात मिळत नव्हतं. तिने दुकानं पालथी घातली होती.

नेमकी फळं धरली आणि थोरलीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जावं लागलं. निघताना ती म्हणाली, “बाकी काही करू नकोस. फक्त पाणी. रोज, बेताचं. आज कोरडं आणि उद्या तुडुंब, असं यांना नाही चालत.”

“तुम्ही काळजीच करू नका, ताई.”

सुरुवातीला घातलं तिने, खोटं कशाला बोला. मग दवाखान्यातली दुसरी मुलगी रजेवर गेली, घरी यायला उशीर व्हायला लागला, आणि पायऱ्या चढून वर गेलेलं माणूस झारी घ्यायला पुन्हा खाली उतरत नाही. उद्या घालू, असं करत करत दिवस गेले. थोरलीचा फोन यायचा, “पाणी घातलंस?” आणि धाकटी म्हणायची, “रोज घालते, ताई.” इतक्या सहज, की आपण खोटं बोललो हे तिला फोन ठेवल्यावरही जाणवायचं नाही.

थोरली परतायच्या आदल्या दिवशी तिने जाऊन पाहिलं, तर पानं माना टाकून बसली होती. तिने नळी लावली आणि वाटेचा चिखल होईपर्यंत पाणी सोडलं. सकाळी झाडं ताठ उभी. माणसांपेक्षा झाडं समजूतदार, असं म्हणून ती निर्धास्त झाली. दोन फळांची बुडं काळी दिसली, ती तोडून तिने केराच्या डब्यात सालांखाली दडपली.

थोरली आली ती काळा चष्मा लावून. वाकायचं नाही, उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. काही दिवसांनी वाफ्यात हात फिरवताना तिची बोटं एका फळाखाली थबकली.

“बघ गं हे. मला अजून स्पष्ट दिसत नाही.”

धाकटीने पाहिलं. फळाचं बूड काळंठिक्कर, आत बसलेलं, इस्त्रीने जाळल्यासारखं. शेजारचंही तसंच. घडच्या घड तसे.

“काळं पडलंय,” ती म्हणाली.

थोरली विचारात पडली. “पाण्याची आबाळ झाली की बुडं अशी काळी पडतात. पण तू तर रोज घातलंस.”

टोमणा नव्हता तो. थोरलीच्या स्वरात संशयाचा मागमूस नव्हता, आणि तेच धाकटीला झोंबलं. एवढंच म्हणायचं होतं, नाही हो ताई. तोंडून आलं, “हो.”

“मग हा रोग आहे,” थोरली म्हणाली. “काढून टाकायला हवीत सगळी. भिंतीपलीकडे मास्तरांचेही टोमॅटो आहेत, त्यांना लागायला नको.”

थोरलीला वाकायची मनाई, तेव्हा उपटायचं काम धाकटीवरच आलं. थोरली स्टुलावर बसून सांगत होती आणि धाकटी एकेक झाड मुळासकट ओढून, माती झटकून पोत्यात भरत होती. मुळं घट्ट होती. हिरवी फळं पायाशी गळून पडत होती. पुढचं झाड उपटायच्या आधी सांगू, असं ती मनाशी म्हणायची, आणि पुढचं झाड हातात यायचं. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. वाफे रिकामे झाले तरी तिचं तोंड उघडलं नाही.

थोरली आत गेली आणि पावडरचा डबा घेऊन आली.

“हेही जाऊ दे पोत्यात. बियाण्यातूनच आला असणार रोग.” ती म्हणाली. “सासूबाईंनी विश्वासाने दिलं होतं. माझ्याच हातून संपायचं होतं.”

तिने झाकण फिरवलं तशी धाकटीने तिचं मनगट धरलं.

“ताई, टाकू नका. रोग नाहीये. मी पाणी घातलं नव्हतं.”

थोरलीने चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं, दिसत होतं तेवढं.

“मग मघाशी का नाही बोललीस? झाडं उभी होती तेव्हा?”

“पुढच्या झाडाला सांगते, असं प्रत्येक झाडाला म्हणत गेले.”

थोरलीने झाकण लावलं, डबा घेतला आणि आत गेली. धाकटीला दोन शिव्या मिळाल्या असत्या तर घास तरी घशाखाली उतरला असता. त्या वर्षी दुकानातला सॉस आला. नवऱ्याने तो एकदा खाल्ला आणि बाटली मागे सारली. कारण त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात थोरलीने त्याच डब्यातलं बी पेरलं. रोपं वाफ्यात लावली आणि म्हणाली, “पाणी तूच घाल.” धाकटीला भरून आलं. दवाखान्यात जायच्या आधी रोज, बेताचं, न चुकता ती पाणी घालायला लागली. ताप आला तरी खाली उतरली. तिला एकच हवं होतं. थोरलीने एकदा तरी विचारावं, पाणी घातलंस का, म्हणजे खरंखुरं हो म्हणता येईल.

थोरलीने विचारलं नाही. हसायची, बोलायची, नवी फळं दाखवायची. तो प्रश्न मात्र तिने कायमचा सोडून दिला होता.

सॉस झाला, नेहमीसारखा दाट. पहिली बाटली थोरलीने धाकटीच्याच हातात दिली. “तुझ्या पाण्याचा आहे हो,” ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पाणी घालून जिना चढली आणि वरून सहज मागे वळून पाहिलं. खाली थोरली वाफ्यात वाकली होती. तिने एका झाडाच्या बुंध्याशी मातीत बोट खुपसलं, ओल बघितली, बोट फडक्याला पुसलं आणि पुढच्या झाडाकडे गेली.