घनश्यामरावांचा तक्ता

घनश्यामराव यवतमाळच्या आमच्या कचेरीतून बदलून गेले ते अडुसष्ट साली. निरोपाच्या चहाला मंडळी मला म्हणाली, दोन शब्द बोला. मी पोट बिघडल्याचं सांगून बसून राहिलो. ते शब्द आता लिहितो. त्यांत गोडवा शोधायला जाऊ नका.

माणूस दिसायला साधा. कळंबजवळच्या शेतकऱ्याच्या घरचा, नागपुरात संख्याशास्त्र शिकलेला, पिकांच्या आकड्यांवरचा साहेब म्हणून साठ साली आला. खिशाला दोन पेनं. डबा रोज एकट्यानंच खायचा. टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो नव्हता, नॉर्मल कर्व्हचा तक्ता होता. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

काम असं होतं. जिल्ह्यात चाळीस वावरं चिठ्ठीनं निवडायची. प्रत्येकात तेहेतीस फूट लांब-रुंद तुकडा आखायचा, तेवढीच ज्वारी कापायची, मळायची, तोलायची. आकडे आले की मी हातानं फिरवायच्या मशीनवर हिशोब करायचा. आधी सरासरी. मग आकडे सरासरीच्या अलीकडे-पलीकडे साधारण किती पसरतात, ते प्रमाण विचलन. मग पुढच्या वर्षी येणाऱ्या एकेका आकड्यातून ही सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला विचलनानं भागायचं. येतो तो झेड. असा झेड निव्वळ योगायोगानं यायची शक्यता किती, ते तो काचेखालचा तक्ता सांगतो. झेड तीनच्या वर गेला की घनश्यामराव लाल पेन काढायचे.

बासष्टच्या जानेवारीत केळापूरकडच्या एका तांड्यातून आकडा आला, बारा पूर्णांक एक किलो. वावर तुळसाबाईचं. आणला होता आमच्याकडे कापणी-तोलणीवर असलेल्या खेमसिंगनं. तो त्याच तांड्यातला, तांड्यातून सरकारी नोकरीत लागलेला पहिला माणूस. नोकरी हंगामी होती आणि त्या मार्चमध्ये कायम व्हायची होती.

गेल्या वर्षीची सरासरी होती सात, विचलन दीड. मी मशीन फिरवलं. पाच पूर्णांक एक भागिले दीड, तीन पूर्णांक चार. घनश्यामरावांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"दहा हजारांत तीनदा. म्हणजे होत नाही. खेमसिंग, तू मोजताना चुकलास असं लिहून दे."

"म्या तोलून लिवलं साहेब, मनानं नाई लिवलं," खेमसिंग म्हणाला. "तुळसाबाईचा मालक गेल्या साली वारला. उन्हाळ्यात तांड्याची सारी गुरं पाळीपाळीनं एकेकाच्या वावरात बसवतेत, खतासाठी. औंदा सगळ्यायनं आपापली पाळी तिले देल्ली. दोन महिने दोनशे गुरं तिच्याच वावरात बसली. बाकीचं पीक अजून उभं हाये. तिनं माह्यासाठी थांबवून ठेवलं. चला, बाजूचा तुकडा तुमीच कापा."

बाहेर जीप उभी होती. ड्रायव्हर झाडाखाली विडी ओढत होता. घनश्यामराव म्हणाले, एका वावरात एकच तुकडा, दुसरा कापायचा नियम नाही.

खेमसिंगनं लिहून दिलं नाही. आठवडाभर तो रोज येऊन दारात उभा राहिला. तिकडे पाखरं तुळसाबाईची कणसं खात होती. शेवटी तिनं पीक कापून टाकलं. आकड्यावर लाल रेघ गेली, खेमसिंगवर खोटा आकडा दिल्याचा शेरा बसला आणि मार्चमध्ये त्याला घरी पाठवलं. मी काय केलं? मशीनवर कापड घातलं आणि पाच वाजता घरी गेलो.

आता पुढचं ऐका. घनश्यामरावांची पद्धत अशी की गेल्या वर्षीच्या सरासरीनं आणि विचलनानं यंदाचे आकडे तपासायचे. बासष्टचे चाळीसही आकडे धरले तर सरासरी सातच आणि विचलन दीडच येत होतं, पण एक आकडा काढला म्हणून मी उरलेल्या एकोणचाळिसांचा हिशोब नव्यानं केला होता. सरासरी सहा पूर्णांक नऊ झाली होती, विचलन दीडवरून एक पूर्णांक तीनवर आलं होतं. जाळं बारीक झालं होतं. आणि त्रेसष्टच्या जानेवारीत चिठ्ठी निघाली ती कळंबजवळच्या भगवानरावांच्या वावराची. भगवानराव म्हणजे घनश्यामरावांचे सख्खे मोठे भाऊ. आकडा अकरा पूर्णांक दोन. झेड तीन पूर्णांक तीन.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. लाल पेन बाहेर आलं आणि तसंच राहिलं. कचेरीत पुस्तकी बोलणारा हा माणूस एकदम घरचं बोलायला लागला.

"ते आमचं वावर हाये. तिथं किती शेणखत पडते ते मले मालूम हाये."

दुपारीच जीप कळंबला गेली. शेजारचा तुकडा कापला, चार दिवसांनी वाळवून-मळून तोलला तर अकरा किलो भरला. 'समक्ष पाहणी केली, आकडा ग्राह्य.' सही घनश्यामरावांची.

मग मी दुसरा कागद ठेवला. त्यावर तुळसाबाईचे बारा किलो धरून केलेला हिशोब होता. अकरा पूर्णांक दोनमधून सात वजा, भागिले दीड, दोन पूर्णांक आठ. तिचा आकडा ठेवला असता तर त्यांच्या भावाचा आकडा कधी अडलाच नसता.

त्यांनी तो दोनदा वाचला. मी म्हणालो, "खेमसिंगचा शेरा काढा."

"ते प्रकरण बंद झालं," म्हणाले आणि डबा उघडला.

पुढच्या रविवारी मी तांड्यावर गेलो. साहेब खोटे पडले हे खेमसिंगला सांगावं, त्याला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. तो बैलांना कडबा टाकत होता. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो तीन पूर्णांक चार मशीनवर कोनं काहाडला होता?"

"मी."

"अन् हा हिशोब तुमाले तवाच येत होता?"

मी हो म्हणालो.

"मंग जीप उभी होती तवा बोल्ले काहून नाई?"

त्यानं मला पाण्याचा गडवा आणून दिला आणि पुन्हा कडबा टाकायला लागला. मी पाणी प्यायलो, गडवा ओट्यावर ठेवला आणि चालत सडकेला आलो.