रद्द झालेला प्रश्न

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. अभ्यास कसा करायचा, हे घरी कुणाला विचारणार? म्हणून वर्गातल्या मुलींच्या एका गटात शिरले. परीक्षेआधी आम्ही शहरातल्या जुन्या राजवाड्यामागे एकीच्या घरी ओसरीवर बसायचो. ती नोट्स वाचायची, आम्ही मागून सुरात म्हणायचो. जुन्या पेपरांतले प्रश्न, ठरलेली उत्तरं.

भूगोलात आलं: पुराबरोबर गाळ येतो, म्हणून कावेरीकाठची जमीन सुपीक. मी चाचरत विचारलं, "पण वर धरण आहे ना? मग गाळ तिथंच अडकत असेल?"

सूर तुटला. "अय्यो, सुरू झाली हिची चौकशी!" वाचणारी म्हणाली. "एवढं कळतंय तर एकटी बस गो."

सगळ्या हसल्या. मी पुन्हा त्यांच्या सुरात सूर मिसळला. गट सुटला असता तर मला दुसरं कोण होतं? पण ओरत्तनाडुला, माझ्या गावी, घरी जाताना बसच्या खिडकीतून बांधावर खताच्या गोण्या दिसायच्या, आणि गाळ येत नाही म्हणूनच हे खत का, असं मी मनात उत्तर जुळवत राहायचे.

परीक्षेत तेच उलटं आलं: गाळ येणं थांबलं तर काय होईल? मी पानभर लिहिलं. कुठल्याच नोट्समध्ये नसलेलं, माझं स्वतःचं पहिलं उत्तर.

बाहेर सगळ्या चिडलेल्या. "सिलॅबसबाहेरचा प्रश्न!" प्राचार्यांना द्यायचा अर्जही तयार.

"कर गो सही, बघतेस काय?"

"पण धडा तर तोच आहे," मी म्हटलं.

"तुला आलं म्हणून? मोठी शहाणी!"

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवसापासून ओसरी मला बंद झाली. आणि प्रश्न रद्द झाला. सगळ्यांना त्याचे पूर्ण मार्क.

मी धीर करून भूगोलाच्या सरांकडे गेले. "सर, माझं उत्तर वाचलंत?"

"मार्क मिळाले ना, अम्मा?" मुलींना ते अशीच हाक मारतात. "मग वाचायचं कशाला?"

कशाला! ज्यांनी कोरं पान सोडलं त्यांनाही तेवढेच मिळाले, याचा मला एवढा राग नाही. न वाचताच दिले, याचा आहे. विचार करायला शिका, असं हेच सर वर्गात सांगतात.

आता पुन्हा परीक्षा आली आहे. त्या ओसरीसमोरून जाताना सूर ऐकू येतो. मी थांबत नाही. पण माझं उत्तर बरोबर होतं की चूक, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.